मासळी निर्यातीची उतरंड: कोण कुठे बसतं आणि नव्या माणसाने शिरायचं कुठून

मासळीच्या निर्यातीत उतरायचं म्हणणारा माणूस पहिला प्रश्न हमखास एकच विचारतो: परदेशातलं गिऱ्हाईक कुठे मिळेल? प्रश्न रास्त आहे, पण तो फार पुढचा. आधी हे ठरवायला हवं की बोटीपासून परदेशातल्या सुपरमार्केटच्या फ्रीजरपर्यंत जी साखळी जाते, तिच्यातली कोणती कडी तुम्ही होणार. नाखवा, तळंवाला, दलाल, सोलाई शेडवाला, प्लांटवाला, मर्चंट एक्स्पोर्टर (स्वतःचा प्लांट नसलेला निर्यातदार), कस्टम हाउस एजंट (सीएचए, कस्टमचं काम करून देणारा) या प्रत्येकाचा पैसा वेगळ्या ठिकाणी अडकतो आणि वेगळ्याच ठिकाणी बुडतो. म्हणून आधी भारताच्या मासळी निर्यातीची रचना उलगडू, आणि मग महाराष्ट्रातून शिरू पाहणाऱ्याने काय क्रमाने करायचं ते पाहू.

आकडे वाचा, पण भागाकार करून

२०२४-२५ या आर्थिक वर्षात भारतातून १६,९८,१७० टन सागरी उत्पादनं बाहेर गेली. किंमत ६२,४०८ कोटी रुपये, डॉलरात ७.४५ अब्ज. यात गोठवलेली कोळंबी ७,४१,५२९ टन, म्हणजे वजनाने सुमारे ४४ टक्के. पण डॉलरात ती ५.१७ अब्ज, म्हणजे जवळपास ७० टक्के.

बातम्या इथे थांबतात. आपण भागाकार करू. कोळंबीला किलोमागे सरासरी सात डॉलरच्या आसपास मिळाले. बाकीच्या सगळ्या मालाला, म्हणजे माकूळ, वाकटी, सुरीमी (माशाचा लगदा), सुकी मासळी, जिवंत खेकडे हे सारं धरून, किलोमागे अडीच डॉलरही नाहीत. तेच देशांचं. अमेरिकेने ३,४६,८६८ टन घेऊन २.७१ अब्ज डॉलर दिले. चीनने त्याहून जास्त, ३,९६,४२४ टन घेतलं आणि दिले १.२७ अब्ज. अमेरिकेचा किलोचा दर पावणेआठ डॉलरच्या पुढे, चीनचा सव्वातीनच्या आत.

तेव्हा ‘भारताचा मासळी निर्यात उद्योग’ असं आपण एकवचनात म्हणतो खरं, पण एका छपराखाली दोन धंदे चालतात. एक तळ्यातल्या कोळंबीचा: एकच जात, मोठं भांडवल, एकच बडं गिऱ्हाईक. दुसरा समुद्रातल्या मासळीचा: शेकडो जाती, पातळ नफा, विखुरलेली गिऱ्हाइकं. दोघांचे प्लांट बरेचदा तेच असतात, प्राधिकरणही तेच, पण जोखीम अगदी वेगळी. नव्या माणसाचं पहिलं गणित चुकतं ते वर्तमानपत्रात कोळंबीचा आकडा वाचून आणि बंदरावर वाकटी विकत घेऊन.

तळ्यापासून वर

भारतात तळ्यातली कोळंबी म्हणजे आज मुख्यत्वे व्हेनामी. ही मूळची पॅसिफिक किनाऱ्याची. नव्वदच्या दशकात व्हाइट स्पॉट रोगाने टायगर कोळंबीची तळीच्या तळी साफ केली, आणि अखेर २००९ मध्ये सरकारने व्हेनामीला परवानगी दिली. तिची रोगमुक्त जनक कोळंबी परदेशातून येते, चेन्नईच्या क्वारंटाइन केंद्रात तपासली जाते आणि मग नोंदणीकृत हॅचरीला मिळते. हॅचरीत पिल्लं तयार होतात, तळंवाला ती विकत घेऊन साधारण तीन ते चार महिने वाढवतो. तळ्यांची आणि हॅचऱ्यांची नोंदणी कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अ‍ॅथॉरिटीकडे, २००५ च्या कायद्याखाली. या धंद्याचं केंद्र आंध्र प्रदेश. नेल्लोर, भीमावरम ही नावं कोळंबीच्या व्यापारात रोज कानावर येतात. आपल्याकडे पालघर, रायगड, सिंधुदुर्गात तळी आहेत. गुजरातेत सुरत-नवसारी पट्टा मोठा.

या साखळीत खरा पैसा कोण फिरवतो ते पाहा. खर्चाचा सर्वांत मोठा भाग खाद्याचा, बहुधा निम्म्याच्या आसपास. तो सगळा रोखीने देणारे तळंवाले थोडे. खाद्याचा दुकानदार उधारी देतो, आणि माल निघाल्यावर तोच दुकानदार किंवा त्याच्या ओळखीचा दलाल भाव ठरवायला हजर असतो. रोग दिसला, ऑक्सिजन पडला, पाऊस आला की तळं घाईने काढावं लागतं. मग भाव तळंवाल्याच्या हातात राहत नाही.

भाव बोलला जातो तो ‘काउंट’मध्ये, आणि नवा माणूस इथे हमखास गोंधळतो. तळ्यावर काउंट म्हणजे एका किलोत डोक्यासकट किती कोळंब्या. निर्यातीच्या कागदावर मात्र काउंट असतो पौंडात, आणि बहुधा डोकं काढलेल्या मालाचा. समजा तळ्यावर ५० काउंटचा माल घेतला. एक कोळंबी २० ग्रॅमची. डोकं काढल्यावर सुमारे ६५ टक्के उरते, म्हणजे १३ ग्रॅम. पौंड ४५३.६ ग्रॅमचा, भागाकार केला की ३५ च्या किंचित खाली. म्हणजे माल ३१/३५ या ग्रेडमध्ये बसला, तोही काठावर. तळ्यात कोळंबी अर्धा ग्रॅम कमी भरली की तोच माल पुढच्या, स्वस्त ग्रेडमध्ये घसरतो. प्लांटचा माणूस तळ्याच्या बांधावर उभा राहून जाळ्यातली मूठभर कोळंबी काट्यावर टाकतो आणि मनात हा हिशेब करूनच आकडा बोलतो. खरेदीला जाणाऱ्याने हे गणित तोंडपाठ करावं.

समुद्रापासून वर

महाराष्ट्रातल्या नवख्यासाठी महत्त्वाची ती ही साखळी. ससून डॉक, भाऊचा धक्का, मिरकरवाडा, हर्णे इथे माल उतरतो, लिलाव होतो. गुजरातेत वेरावळ आणि पोरबंदर, दक्षिणेत कोची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते; पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. या तारखा आधी कॅलेंडरवर लिहून ठेवा. जुलैत पाठवायचा माल मे महिन्यातच कोल्ड स्टोरेजला पडलेला असायला हवा.

बोटीवरून प्लांटपर्यंत माल सरळ जात नाही. नाखव्याला डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार यासाठी हंगामाच्या आधी पैसा लागतो. तो दलाल किंवा सप्लायर आगाऊ देतो, आणि त्या बदल्यात त्या बोटीच्या मालावर पहिला हक्क त्याचा. म्हणून धक्क्यावर रोख रक्कम घेऊन उभं राहिलं तरी उत्तम माल तुम्हाला मिळेलच असं नाही. तो आधीच कोणाचा तरी झालेला असतो. मालाची आवक पक्की करायची तर एकतर सप्लायरशी बांधून घ्यायचं, नाहीतर एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेशी.

दुसरी गोष्ट बोटीच्या खणात. ट्रॉलर बरेच दिवस समुद्रात राहतो. पहिल्या दिवशी पकडलेला माल बर्फात तळाशी दबून आलेला असतो, शेवटच्या दिवसांचा वर. निर्यातीच्या प्रतीचा माल बहुतेक या वरच्या थरातून निघतो. खालचा बराचसा स्थानिक बाजारात, सुकटीला, नाहीतर फिशमीलच्या कारखान्यात. लिलावातला ढीग पाहताना वरची टोपली पाहून भाव बोलू नका. खालची उपसायला लावा, कल्ले उघडून रंग बघा, पोट दाबून बघा.

काय जातं बाहेर? रिबनफिश, म्हणजे आपली वाकटी-बळा, हा चीनचा आवडता माल. स्क्विड आणि कटलफिश, ज्यांना आपण सरसकट माकूळ म्हणतो, ते युरोप आणि पूर्व आशियात. राणी, चोर बोंबील, ढोमा असा घरगुती गिऱ्हाइकाला फारसा न रुचणारा माल सुरीमीत जातो: काटे-कातडी काढून, धुऊन केलेला माशाचा लगदा, ज्यापासून जपानी पद्धतीच्या खेकड्याच्या कांड्या वगैरे बनतात. रत्नागिरीची गद्रे मरीन ही या क्षेत्रातली जगभर माहीत असलेली कंपनी. घोळीचा भोत, म्हणजे तिची हवेची पिशवी, हाँगकाँग-सिंगापूरकडे जातो आणि मांसाच्या कैकपट भाव खातो. तो धंदा मात्र ओळखीपाळखीवर चालतो; नव्याने त्यात हात घालू नये. पापलेट-सुरमई आखाती देशांत चालतात, पण त्यांना मुंबईतच इतका भाव मिळतो की निर्यातीचं गणित पुष्कळदा जमत नाही.

मधली कडी: प्लांट

ऑगस्ट १९९७ मध्ये युरोपीय संघाने भारतीय मासळीवर बंदी घातली. कारण स्वच्छता: साल्मोनेला, कामाच्या जागांची अवस्था. काही महिन्यांनी बंदी उठली, पण ती तपासून मान्य केलेल्या प्लांटपुरती. आज दिसणारी उद्योगाची रचना मोठ्या प्रमाणात त्या बंदीने घडवली. पूर्वी कोळंबी कुठेही सोलून प्लांटला यायची. आता सोलाई शेडही नोंदलेली आणि तपासलेली लागते, आणि ज्यांना हा खर्च झेपला नाही ते बाजूला पडले.

प्लांटमध्ये माल आला की तापमान मोजतात. चार अंशांच्या वर असेल तर तिथेच वाद सुरू. मग धुणं, ग्रेडिंग, डोकं काढणं, सोलणं, वजन. मग गोठवणं दोन प्रकारे: प्लेट फ्रीजरमध्ये उणे ४० अंशांच्या आसपास ठोकळे, किंवा आयक्यूएफ, म्हणजे एकेक नग सुटा. त्यावर बर्फाच्या पाण्याचं पातळ कवच चढवतात, त्याला ग्लेझ म्हणतात. मेटल डिटेक्टर, पाकीट, मास्टर कार्टन, आणि उणे १८ किंवा त्याखाली साठवण. हे हात बहुतांशी बायकांचे असतात, बऱ्याच ठिकाणी परप्रांतातून ठेकेदारामार्फत आलेल्या. परदेशी खरेदीदार आता वेतन, राहण्याची सोय, वयाचे दाखले तपासायला माणसं पाठवतात. ठेकेदाराची वही कच्ची असेल तर ऑर्डर जाते, मग माल कितीही उत्तम असो.

नव्या माणसाच्या उपयोगाची गोष्ट अशी की देशातल्या प्लांटांची क्षमता मिळणाऱ्या मालाहून जास्त आहे. वर्षाचे बरेच दिवस यंत्रं पूर्ण भरून चालत नाहीत. म्हणून प्लांटवाले किलोमागे पॅकिंग चार्ज घेऊन दुसऱ्याचा माल करून देतात. स्वतःचा प्लांट उभारणं हे पहिलं पाऊल नव्हे. माझ्या मते ते पाचव्या वर्षाच्या आधी मनातही आणू नये.

कोणत्या दाराने कोणतं काम

एमपेडा, म्हणजे मरीन प्रॉडक्ट्स एक्स्पोर्ट डेव्हलपमेंट अ‍ॅथॉरिटी, १९७२ च्या कायद्याने स्थापन झालेली, मुख्यालय कोची, वाणिज्य मंत्रालयाखाली. निर्यातदार, प्लांट, सोलाई शेड, साठवण, बोट अशा सगळ्यांची नोंदणी इथे. युरोपसाठी लागणारा कॅच सर्टिफिकेट, म्हणजे कायदेशीर पकडीचा दाखलाही इथूनच. तळ्यातल्या मालात राहणाऱ्या औषधांच्या अवशेषांवर नजर ठेवणारी राष्ट्रीय योजनाही एमपेडाच चालवते.

एक्स्पोर्ट इन्स्पेक्शन कौन्सिल हे दुसरं दार, १९६३ च्या कायद्याचं. मुंबई, कोची, चेन्नई, कोलकाता आणि दिल्ली इथे तिच्या एजन्सी आहेत. प्लांटला मान्यता देणं, तपासणी करणं आणि मालासोबतचं हेल्थ सर्टिफिकेट देणं हे यांचं काम. युरोपच्या नजरेत भारताची सक्षम यंत्रणा हीच. दोन्ही कार्यालयांची कामं नवखे लोक कायम एकमेकांत मिसळतात. नोंदणी आणि बाजारपेठेची मदत हवी तर एमपेडा. मालाच्या आरोग्याचा दाखला हवा तर एक्स्पोर्ट इन्स्पेक्शन एजन्सी.

बाकीची दारं नेहमीच्या निर्यातीचीच: आयात-निर्यात कोडसाठी डीजीएफटी, शिपिंग बिलासाठी, म्हणजे निर्यातीच्या घोषणापत्रासाठी कस्टम, अन्नपरवान्यासाठी एफएसएसएआय. बोटींच्या नोंदी आणि परवाने राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे. निर्यातदारांची स्वतःची संघटना सी-फूड एक्स्पोर्टर्स असोसिएशन ऑफ इंडिया. सरकारशी होणारी बहुतेक भांडणं ती लढते.

कागद, क्रमाने

फर्म किंवा कंपनी, पॅन, चालू खातं, जीएसटी. मग डीजीएफटीकडून आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँक शाखेचा क्रमांक) माल जाणार त्या बंदरावर नोंदवून घ्या, नाहीतर शिपिंग बिल अडकतं. हे काम सीएचए दोन दिवसांत करतो, पण कंटेनर गेटवर असताना आठवलं तर नव्हे. जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठी दरवर्षी एलयूटी, म्हणजे हमीपत्र. एफएसएसएआयचा परवाना.

आता एमपेडाची नोंदणी. इथे प्रकार निवडावा लागतो: मॅन्युफॅक्चरर एक्स्पोर्टर की मर्चंट एक्स्पोर्टर. प्लांट नाही, तेव्हा मर्चंट. त्यासाठी एखाद्या नोंदणीकृत प्लांटशी करार दाखवावा लागतो. म्हणजे प्लांट शोधायचा तो नोंदणीच्या आधी. हा करार म्हणजे नुसता नोंदणीचा उपचार नाही, तुमच्या धंद्याची सीमा त्यात ठरते. त्या प्लांटला ज्या देशाची मान्यता नाही, त्या देशाचं दार तुम्हालाही बंद.

म्हणून करारावर सही करण्याआधी प्लांटवाल्याला इतकं विचाराच. एक्स्पोर्ट इन्स्पेक्शनची मान्यता कोणत्या उत्पादनांना आहे? युरोपच्या यादीत नाव आहे का? चीनच्या कस्टम प्रशासनाकडे नोंदणी आहे का, आणि कोणत्या मालासाठी? गेल्या दोन-तीन वर्षांत कोणत्या बंदरावर माल परत आला का? आयक्यूएफ लाइन तुमच्यासाठी कोणत्या महिन्यात मोकळी असते? तुमचा माल साठवणीत वेगळा ठेवतील का, की त्यांच्याच मालाच्या पाठीमागे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका. कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊन रॅकवरचे लॉट नंबर बघा.

बाजार निवडताना: प्रत्येक देशाचा वेगळा काटा

अमेरिका. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आणि सगळ्यात गुंतागुंतीचं. भारतीय कोळंबीवर २००५ पासून अँटी-डंपिंग शुल्क (पडत्या भावात माल ओतल्याबद्दलचं) आहे, २०२४ अखेरीस त्यावर काउंटरव्हेलिंग शुल्क (सरकारी अनुदानाबद्दलचं) आलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचं अतिरिक्त शुल्क ५० टक्क्यांवर गेलं. दर पुढेही बदलत राहणारे, तेव्हा करार करण्याच्या दिवशीचा दर पाहायचा. मोठे भारतीय निर्यातदार तिथे बहुधा डीडीपी अटीवर, म्हणजे शुल्क आपल्या माथी घेऊन विकतात. अँटी-डंपिंगचा अंतिम दर तर माल विकून झाल्यावर, वार्षिक फेरतपासणीत ठरतो. नफा झाला असं समजून बसलेल्याला मागाहून बिल येऊ शकतं. छोट्या मर्चंटने इथे उडी घेऊ नये.

त्यातही समुद्रातली कोळंबी तर अमेरिकेत जातच नाही, कारण ट्रॉल जाळ्यात कासवांना बाहेर पडायला वाट ठेवणारं टेड हे साधन आपल्या बोटींवर त्यांच्या मान्यतेपुरतं बसलेलं नाही. तळ्यातल्या कोळंबीसोबत डीएस-२०३१ हा फॉर्म जातो; त्यात ही कोळंबी तळ्यात वाढलेली आहे, असं लिहून द्यावं लागतं.

युरोपीय संघ. भाव चांगला, परीक्षा कडक. नायट्रोफ्युरानसारख्या बंदी घातलेल्या प्रतिजैविकांचे अवशेष किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमवर आले की माल नापास. क्लोरॅम्फेनिकॉलसाठी ती रेषा ०.१५. किलोचे अब्ज भाग करा, त्यातला अर्धा. २०१६ पासून भारतीय तळ्यातल्या मालाच्या निम्म्या खेपा तिथल्या सीमेवर तपासायचा नियम लागू झाला. म्हणून तळं काढण्याआधीच एमपेडाच्या एलिसा प्रयोगशाळेतून (अवशेष शोधणारी चाचणी करणाऱ्या) प्री-हार्वेस्ट टेस्टचा दाखला घेतात. समुद्रातल्या मालाला दुसरी अडचण: कॅडमियम. माकुळाच्या आतड्यांत ते साठतं, साफ केलेल्या मालात किलोमागे १ मिलिग्रॅमच्या आत हवं. पोट साफ करताना शाईची पिशवी, आतडी फुटली की मांसाला लागतं. म्हणून माकूळ साफ करणाऱ्या हातांवर सुपरवायझरची नजर लागते.

युरोपला समुद्रातल्या मालासोबत कॅच सर्टिफिकेट २०१० पासून लागतो, आणि १० जानेवारी २०२६ पासून तिथल्या आयातदाराला तो ‘कॅच’ या ऑनलाइन यंत्रणेतून सादर करावा लागतो. त्यात बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, पकडीचा काळ, वजन. तेव्हा धक्क्यावर माल घेतला त्याच दिवशी बोटीची माहिती वहीत उतरवा. महिन्याने दलालाला विचारलंत तर तो जे आठवेल ते सांगेल, आणि बोटीचा परवाना संपलेला निघाला की तुमचा अख्खा लॉट अडकेल.

चीन. मोठी खरेदी, कमी दर, सोपी प्रत. पण २०२२ च्या सुरुवातीपासून परदेशी प्लांटांच्या नोंदणीचे नियम घट्ट झाले. यादीतून नाव गेलं की रातोरात बाजार बंद. कोविडच्या काळात पाकिटावर विषाणूचे अंश सापडले म्हणून भारतीय प्लांट निलंबित झालेच होते. चीनच्या गिऱ्हाइकाला उधारी देऊ नका. आगाऊ रक्कम आणि कागदांची प्रत पाठवल्यावर उरलेली, ही तिथली रूढ पद्धत आहे आणि ती आपल्या सोयीची आहे.

जपान नेमकेपणा मागतो. २०१२ मध्ये तिथे भारतीय कोळंबीत इथॉक्सिक्विन सापडलं, आणि ते आलं होतं खाद्यातून. तळ्यात कोणी काही टाकलं नव्हतं. साखळीतल्या लांबच्या माणसाची गोष्ट कशी शेवटी निर्यातदाराच्या गळ्यात पडते, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

संयुक्त अरब अमिरातीशी मे २०२२ पासून व्यापार करार लागू आहे, अंतर कमी, मुंबईहून हवाई मार्गे ताजा माल जातो, आणि तिथले आयातदार बरेचदा आपलेच लोक. नव्या मर्चंटला शिकायला ही जागा चांगली. बारा-पंधरा दिवसांत पैसा फिरतो आणि चूक झाली तर ती काही खोक्यांची असते, कंटेनरची नसते.

भाव बोलताना

परदेशी खरेदीदार विचारतो, ‘ग्लेझ किती?’ याचं उत्तर न देता दर देणं म्हणजे आंधळा कारभार. दहा किलोच्या कार्टनवर २० टक्के ग्लेझ असेल तर आत माल आठ किलो. दर दहा किलोवर धरलेला की आठवर, हे कागदावर हवं. शंभर टक्के निव्वळ वजन, असा शब्द करारात असेल तर बर्फ त्याच्या वर वेगळा. तसंच रसायनं: काळे डाग पडू नयेत म्हणून मेटाबायसल्फाइट, पाणी धरून राहावं म्हणून फॉस्फेट. गिऱ्हाइकाला ‘नॉन-ट्रीटेड’ माल हवा असेल आणि प्लांटच्या सवयीच्या माणसाने टबात फॉस्फेट ओतलं तर लॉट गेला.

मग हिशेब खालून वर करा. लिलावाचा भाव, बर्फ आणि गाडी, सोलल्यावर उरणारं वजन, पॅकिंग चार्ज, साठवण, प्रयोगशाळा, कंटेनर, सीएचए, बँक, विमा. ड्रॉबॅक आणि रोडटेप, म्हणजे निर्यातीवर सरकार परत करतं त्या करांचे पैसे, या हिशेबात धरू नका. मिळतील तेव्हा मिळतील, दर सरकार बदलतं. त्यांच्या भरवशावर दर खाली आणणारे निर्यातदार आधी तो फायदा गिऱ्हाइकाला देऊन टाकतात आणि मग स्वतः ओरडत बसतात.

पैशाची अट: नव्या गिऱ्हाइकाशी एलसी (पैसे देण्याची बँकेची हमी) किंवा मोठी आगाऊ रक्कम. डीए, म्हणजे माल ताब्यात देऊन नंतर पैसे, हे ईसीजीसी या सरकारी निर्यात-पतविमा कंपनीचं विमाकवच घेतल्याशिवाय कधीही नाही.

कंटेनर भरण्याचा दिवस

चाळीस फुटी रीफर, म्हणजे शीत कंटेनर न्हावा शेव्याहून निघतो. पॅकिंगप्रमाणे त्यात साधारण १७ ते २५ टन माल बसतो. आधी रिकामा कंटेनर थंड झालाय का पाहा, सेटिंग उणे १८ आहे का पाहा, दरवाज्याचं रबर हात फिरवून तपासा. कार्टनवर काय छापलंय ते एकेक ओळ वाचा: मालाचं व्यापारी आणि शास्त्रीय नाव, पकडलेला की वाढवलेला, पकडीचं क्षेत्र, निव्वळ वजन, ग्रेड, उत्पादनाची तारीख, लॉट नंबर, प्लांटचा मान्यता क्रमांक. हेल्थ सर्टिफिकेट, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि कार्टन या चारही ठिकाणी लॉट नंबर अक्षरशः तोच हवा. बंदरावर अडकणाऱ्या कित्येक खेपांमध्ये मासळी उत्तम असते. एका कागदावर चुकीचा आकडा पडलेला असतो.

तापमान नोंदवणारं छोटं यंत्र मालाच्या मधोमध ठेवा, दाराशी एक आणखी ठेवा. त्यांचे क्रमांक कागदावर लिहा. डिसेंबर २०२३ नंतर तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कित्येक जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास लांबला. लांबलेल्या प्रवासात माल वितळून पुन्हा गोठला का, हे सिद्ध करायला त्या यंत्राच्या नोंदीशिवाय तुमच्या हातात काही नसतं. गिऱ्हाइकाने माल खराब म्हणून फोटो पाठवले की लगेच सूट कबूल करू नका. आधी यंत्राची नोंद मागवा, तिथल्या स्वतंत्र सर्व्हेअरकडून पाहणी करून घ्या, आणि प्लांटमध्ये राखून ठेवलेला त्याच लॉटचा नमुना काढून दोन्हींची तुलना करा. नमुना राखून ठेवायचा असतो, हे प्लांटला भरण्याच्या दिवशीच बजावून सांगावं लागतं.

पैसे बँकेत आले की ई-बीआरसी, म्हणजे वसुलीचा बँकेचा ऑनलाइन दाखला, तयार झाला का पाहा. रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या मुदतीत वसुली दिसली नाही तर बँक विचारणा करते, सरकारी लाभ अडकतात आणि पुढच्या खेपेच्या वेळी सीएचएचा फोन येतो तो त्यासाठीच.